प्रतिसाद: उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांतील फरक

कवितेतील अलंकार ओळखण्याबाबत असे मत मांडले गेले आहे की ‘सारखा’ दिसला की उपमा आणि ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, एवढे पाठ केले तरी पुरेसे आहे. ही खूण उपयोगी आहे, पण तिच्यावरच विसंबणारा विद्यार्थी रूपकापाशी हमखास अडतो, कारण तिथे असा शब्दच नसतो. ‘तळे आरशासारखे नितळ आहे’ या वाक्यात तळे हे उपमेय (ज्याचे वर्णन करायचे ते), आरसा हे उपमान (ज्याच्याशी तुलना केली ते), नितळपणा हा साधारण धर्म (दोघांतला समान गुण) आणि ‘सारखे’ हा साधर्म्यवाचक शब्द, अशी उपमेची चारही अंगे आहेत. ‘तळे जणू आरसाच’ म्हटले की कल्पना एक पाऊल पुढे जाते आणि उत्प्रेक्षा होते. ‘तळ्याच्या आरशात डोंगर स्वतःला न्याहाळतो’ यात मात्र तळे आणि आरसा एकरूप झाल्याने रूपक आहे (शिवाय न्याहाळणारा डोंगर ही चेतनगुणोक्तीही, म्हणजे निर्जीवाला सजीवासारखे वागताना दाखवणे, आहे, आणि एका ओळीत दोन अलंकार असणे मुळीच चूक नाही). ‘हे तळे नव्हे, आरसाच’ ही अपन्हुती, म्हणजे उपमेय नाकारून ते उपमानच आहे असे सांगणे. म्हणून शब्द शोधण्याआधी उपमेय आणि उपमान यांच्यातले अंतर कवीने किती ठेवले आहे, हे विद्यार्थ्यांना विचारावे, असे मला मनापासून वाटते.