मामाची किकरी, ४७ मिनिटं, आणि साठ सेकंदांचा रील

मानेवाड्याचा एडिटर
माझा मामा केळापूरकडचा परधान. गोंड यजमानांच्या दारी किकरी, म्हणजे गजानं वाजवायचं तंतुवाद्य, वाजवून त्यांच्या कुळाची गाणी म्हणायची, हे त्यांच्या घरात पिढीजात. दिवाळीत त्याचं लिंगोचं, म्हणजे गोंडांच्या आदिपुरुषाचं, गाणं फोनवर रेकॉर्ड केलं. ४७ मिनिटं भरलं. मधे कोंबडा आरवतो, मामी चहा आणते, मामा घोट घेतो अन् सोडलेली ओळ तिथूनच धरतो. आमचे सर म्हणतात, साठ सेकंदांचा रील काप, खाली बीट टाक, चालते. तीन दिवस हेडफोन लावून बसलो, कापू कुठून तेच समजून नाही राहिलं. गोंडी मला अर्धीमुर्धीच येते. कोणी असं काम केलंय का?

अजनीकर
लिंगोचं गाणं स्टीफन हिस्लॉपनी परधानाकडूनच उतरवून घेतलं होतं. तेच मिशनरी, ज्यांच्या नावाचं नागपूरला कॉलेज आहे. १८६३ मध्ये ते टाकळघाटाकडून परतताना ओढ्यात बुडाले. त्यांचे कागद इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनी १८६६ मध्ये छापले. हिस्लॉपचं नाव अख्ख्या नागपूरला पाठ आहे. गाणाऱ्याचं कोणाला माहीत? तू मामाचं नाव पहिल्याच फ्रेमवर टाक, बाकी नंतर.

परतलेला
मी दोन वर्षं मलेशियातल्या सारावाकमध्ये कुचिंगला नोकरीला होतो. तिथल्या दायाक लोकांत केन्याह, कायान हे सापे वाजवतात. लाकडाच्या एकाच ओंडक्यातून होडीसारखं कोरलेलं तंतुवाद्य. पूर्वी बाईनं त्याला हात लावायचा नाही असा दंडक. तिथलीच गायिका अलेना मुरांग सापेचे उस्ताद मॅथ्यू न्गाउ जाउंकडे शिकली, आज ती जुनी गाणी घेऊन स्टेजवर जाते, देखणे व्हिडिओ करते. कुचिंगजवळ १९९८ पासून मोठा रेनफॉरेस्ट संगीत महोत्सव भरतो, तिथंही सापे असतोच. एवढं झालं, चांगलंच झालं. पण मी सापे सगळ्यात जास्त ऐकला तो हॉटेलच्या लॉबीत, नाश्त्याच्या वेळी, शब्दांशिवाय. लांबघरात, म्हणजे अनेक कुटुंबं एका छपराखाली राहतात त्या घरात, रात्र रात्र चालणाऱ्या कथा त्या लॉबीत कोण सांगणार? म्हणून म्हणतो, नुसती धून उचलू नको. रील कर, पण एका प्रसंगाचा, शब्दांसकट, खाली मराठी ओळी देऊन. पूर्ण ४७ मिनिटं वेगळी ठेव, हात न लावता.

कुहीची पोरगी
मामाले विचारलं का पण? आणि यजमानाले? कूळ त्यांचं आहे ना.

मानेवाड्याचा एडिटर
विचारलं. मामा हसला. म्हणे, साठ सेकंदांत लिंगो जन्मतच नाही बापा. रविवारी यजमानाच्या घरी घेऊन चाललाय, त्यांच्यासमोर पुन्हा गाणार आहे. सरांना सांगितलं, तर ते म्हणून राहिले, यावेळी कोंबडा तेवढा बाहेर ठेवा.