अनुभव धागा : उत्सवात वाजवणारे आपल्या गावचे वादक

गणेशोत्सव संपला की मूर्तीची उंची, देखाव्याचा विषय आणि मिरवणूक किती तास चालली यावर भरपूर चर्चा होते. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे गेली, ही तर आता जवळजवळ ठरलेली बातमी झाली आहे. त्या मिरवणुकीत ज्यांनी प्रत्यक्ष वाजवले त्यांच्याविषयी मात्र 'मजा आली' किंवा 'आवाज फार होता' एवढेच बोलले जाते आणि विषय तिथेच संपतो. गावोगावचे ब्रास बँड, बेंजो पार्ट्या, ढोल-ताशा पथके, हलगीवाले, घुमटवाले ही सर्व माणसे संगीत सादर करत असतात, त्यामागे महिनोन्महिन्यांची तालीम असते आणि ते ऐकण्याच्या योग्यतेचे असते, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा धागा काढला आहे.

ज्यांनी वाजवले, ज्यांनी वादकांना सुपारी दिली आणि ज्यांनी कडेला उभे राहून ऐकले, त्या सर्वांनी लिहावे. वाद्य कोणते होते, ते कसे वाजले, काय साधले आणि काय बिघडले हे तपशिलाने आले तर उत्तम. तक्रार जरूर मांडावी, पण मंडळाचे वा व्यक्तीचे नाव घेऊ नये. डीजे असावा की नसावा या वादासाठी इतर जागा आहेत, येथे वादनाविषयीच बोलू.

क्लॅरिनेटवादक, सोलापूर जिल्हा

आमच्या घरात बँड दोन पिढ्यांचा आहे. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत लग्नसराईचे काम असते, चातुर्मासात मुहूर्त नसतात आणि त्या रिकाम्या महिन्यांत गणपतीचे दहा दिवस हाच बँडवाल्यांचा आधार असतो. लोकांना आमचा झगझगीत कोट दिसतो, पण पितळी वाद्ये मेरठच्या जली कोठी भागातून आणायची, जुन्या वाद्याचे पडदे दुरुस्त करून घ्यायचे आणि नवीन गाणे सारेगममध्ये वहीत उतरवून प्रत्येकाचा भाग वेगळा बसवायचा, हे सर्व श्रावणात चाललेले असते.

क्लॅरिनेट हे पावसाळ्याचे वाद्य नाही. त्याची वेताची रीड ओलाव्याने फुगते, भोकांवरच्या गाद्या पाणी धरतात आणि नीट बसेनाशा झाल्या की सूर हवेत विरतो. ट्रम्पेट आणि युफोनियम (खालच्या सुरांचे मोठे पितळी वाद्य) भर पावसात वाजतात, आम्हाला मात्र गाडीच्या आडोशाला सरकावे लागते. चालताना वाजवणे त्याहूनही अवघड असते, कारण प्रत्येक पावलागणिक तोंडातली रीड हलते आणि लांब सूर थरथरतो. म्हणूनच चौकात बँड थांबतो आणि आम्ही गोल करून उभे राहतो, तेव्हाच खरे वादन होते. आधी क्लॅरिनेटवर एकट्याने संथ आलाप घ्यायचा, साईड ड्रमने हलका ठेका धरायचा, मग ट्रम्पेटनी मुखडा उचलायचा आणि खालून युफोनियमने भरणा करायचा, अशी आमची रचना असते. त्या वेळी एखाद्या वृद्ध गृहस्थांनी पुढे येऊन जुन्या नाट्यपदाची फर्माईश केली तर सगळ्या बँडला हुरूप येतो.

मागे ध्वनिवर्धकांची गाडी येऊन उभी राहिली की काय होते तेही सांगतो. आम्हाला आमचाच साईड ड्रम ऐकू येत नाही, म्हणून आम्ही ड्रमवाल्याच्या काड्यांकडे डोळे लावून, त्या खाली येताना पाहून वाजवतो. वाजवता वाजवता वाद्य तापते तसा त्याचा सूर चढतो आणि तो कानाने जुळवून घ्यावा लागतो, पण कान बंद पडल्यावर ते शक्य नसते. समोरचा माणूस त्यावर 'बँड बेसूर झाला' म्हणतो, याचे फार वाईट वाटते.

ताशावादक, पुणे

वरील अनुभव वाचून एक गोष्ट तातडीने लिहावीशी वाटली, कारण एकमेकांना ऐकू न येण्याचा हा प्रश्न आम्हा पथकवाल्यांनी स्वतःवरच ओढवून घेतला आहे.

आमचा सराव गणपतीच्या सुमारे दोन महिने आधी नदीपात्रात सुरू होतो. मी ढोलावर सुरुवात केली. कमरेला ढोल बांधून तासभर वाजवल्यावर बोटांच्या पेरांवर फोड येतात, त्यावर चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा टिपरू, म्हणजे ढोलाची काडी, हाती घ्यायचे, हे प्रत्येक नव्या मुलीला आणि मुलाला करावे लागते. ताशाकडे वळल्यावर मात्र सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. ताशाची तर्री म्हणजे दोन काड्यांनी सलग धरलेली नाजूक थरथर असते. ती मनगटातून यावी लागते, कारण खांदा ताठला की ती तुटते. ढोलाचा हात, म्हणजे ठरवून बसवलेला ठेका, कोणता, तो कधी बदलायचा आणि कुठे थांबायचे, हे सर्व ताशा सांगतो. पूर्वी तांब्याच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे असे आणि वाजवण्याआधी ते शेकून घ्यावे लागे. आता बहुतेक पथकांत कातड्याऐवजी कृत्रिम पान (तोंडावरचा ताणलेला पडदा) असल्यामुळे पावसाचे भय उरलेले नाही, परंतु जुन्या ताशाची ती कोरडी, टणक धार मला अजूनही अधिक आवडते.

आता मुद्द्याकडे येते. आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पथकाची रांग ३४ मीटर लांब असेल, तर पुढच्या ताशाचा ठोका शेवटच्या ढोलापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोहोचतो. एवढा फरक जलद लयीत सहज कळतो. मागचा ढोलवाला त्याच्या कानावर आलेल्या ठोक्याशी प्रामाणिक असतो, तरीही त्याचे वादन मागे पडते आणि कडेला उभ्या असलेल्या श्रोत्याला एका ठोक्याऐवजी फुटलेला, पसरट आवाज ऐकू येतो. ताशे मधोमध ठेवणे किंवा हात उंच करून खूण देणारा एक जण मध्ये उभा करणे असे उपाय आम्ही करतो आणि त्यांनी बराच फरक पडतो. पण खरा उपाय ढोलांची संख्या आवरणे हाच आहे. शंभर ढोलांच्या पथकापेक्षा तीस ढोलांचे, एका श्वासात थांबणारे पथक कितीतरी अधिक भारी वाजते. रुग्णवाहिका आली की टिपेला गेलेले वादन एका खुणेसरशी बंद पडते आणि माणसे दोन्ही बाजूंना सरकतात. पथकाची खरी परीक्षा मला त्या क्षणी दिसते, कारण त्यात शिस्त आणि कान दोन्ही लागतात.

हलगीवादक, कोल्हापूरजवळचे एक गाव

आमच्याकडे हलगी, घुमकं (घुमणाऱ्या आवाजाचे चर्मवाद्य) आणि कैताळ (झांजेसारखे धातूचे वाद्य) हा संच असतो आणि त्यावर लेझीम चालते. हलगी वाजवण्याआधी कागद किंवा पालापाचोळा पेटवून त्या आचेवर कातडे तापवावे लागते. बोटाने टिचकी मारत राहायचे आणि आवाज पुरता खणखणीत झाला की लगेच बाजूला घ्यायचे, कारण जास्त आच लागली तर कातडे फाटते. एका हातात आखूड जाड काडी आणि दुसऱ्या हातात लांब बारीक काडी असते. हलगीचे खरे बोल त्या बारीक काडीने बोलतात.

एक गोष्ट लिहिणे आवश्यक आहे. आमच्या आजोबांच्या काळी मिरवणूक आमच्या वाद्याशिवाय हलत नसे, परंतु जेवायला मात्र आम्हाला शेवटी आणि वेगळे बसवले जाई. आज आमची मुले इतर मुलांना हलगी शिकवतात आणि एकाच पंगतीला बसतात, तरीही काही ठिकाणी 'वाजंत्री कुठे बसवायचे' असा प्रश्न अजून कानावर येतो. वादनाचे कौतुक करणाऱ्यांनी वाजवणाऱ्याच्या पानाकडेही लक्ष द्यावे, ही माझी मागणी आहे.

धागाकर्ता

आपण हे येथे लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. या धाग्यात तो प्रश्न यायलाच हवा होता.

घुमटवादक, फोंडा, गोवा

गोव्यात चवथीला घुमट आरती होते. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असलेले मातीचे भांडे, ज्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवलेले असते. एक हात कातड्यावर चालतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा मागच्या लहान तोंडावर उघडझाप करतो. तळवा दाबला की नाद आत कोंडला जातो आणि सोडला की तो फुगून बाहेर येतो. नवशिक्याचा पुढचा हात लवकर तयार होतो, मागचा तळवा मात्र वर्षानुवर्षे घेतो. सोबतीला शामेळ (काड्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कांसाळे (झांजा) असतात.

पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्यामुळे ते बंद होणे योग्यच होते. आता बकऱ्याचे कातडे वापरतात, आणि २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. जुने वादक नादात फरक पडला असे म्हणतात आणि तो फरक आहेच, पण कातडे निवडून, नीट ताणून आणि उन्हात तापवून घेतले तर आरतीला काहीही उणे पडत नाही. आमचा गट वाड्यावरच्या प्रत्येक घरी जातो. लहानशा खोलीत, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, दाटीने बसून वाजवलेल्या आरतीची सर मंचावरच्या स्पर्धेला येत नाही, असे माझे मत आहे. स्पर्धांमुळे मुले या वाद्याकडे वळली हेही तितकेच खरे. कुंभारजुवे येथे सांगोडावरून, म्हणजे जोडलेल्या होड्यांवरून, गणपती नेतात. तिथे पाण्यावरून येणारा घुमटाचा नाद ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी एकदा आवर्जून यावे.

रहिवासी, लक्ष्मी रस्त्यालगत, पुणे

माझे वय पंच्याहत्तरीच्या पुढे आहे आणि सर्व मिरवणुका मी खिडकीतून पाहत आले आहे. वादकांविषयी मला प्रेम आहे. तरीही हे सांगितले पाहिजे की अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये कोंडलेला ढोलांचा आवाजही छातीवर आदळतो. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्यातील मर्यादा आहे आणि नैसर्गिक वाद्य वाजते म्हणून ती आपोआप पाळली जाते असे नाही. ब्रास बँड मात्र दोन चौक अलीकडून ओळखू येतो आणि जवळ आला तरी सहन होतो. तो आमच्या घराखाली थांबला की घरातली सर्व माणसे खिडकीत येतात.

बेंजोवादक, परळ, मुंबई

बेंजो पार्टीला पुष्कळ जण नुसता गोंगाट समजतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आमचा बेंजो म्हणजे पाश्चात्त्य बँजो नव्हे. त्याचे मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात आहे, जे १९१२ मध्ये तयार झाले. आपल्याकडे त्याला बुलबुल तरंग असेही म्हणतात. तारांवर टाइपरायटरसारख्या कळा असतात. डाव्या हाताने कळ दाबायची आणि उजव्या हातातील नखीने तार छेडायची. आम्ही त्याला पिकअप बसवून अँप्लिफायरला जोडतो. सोबत ढोल, ताशा, झांज, ऑक्टोपॅड (काड्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि किबोर्ड असतात आणि हा सर्व सरंजाम हातगाडीवरून किंवा टेम्पोतून मिरवणुकीबरोबर सरकतो.

कळेवरचा सूर ठरलेला असतो, त्यामुळे गळ्यासारखी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, सहज निघत नाही. तरीही गाणे गाण्यासारखे वाटावे म्हणून नखीचा वेग कमी-जास्त करायचा, एकाच सुरावर जलद छेड देऊन तो लांबवायचा आणि पुढची कळ दाबताना किंचित उशीर करायचा, या युक्त्या आम्ही एकमेकांचे पाहून शिकलो. वाजवताना तार तुटते, आणि ती हमखास अंतऱ्यातच तुटते. त्या वेळी किबोर्डवाला चाल उचलतो, ऑक्टोपॅडवाला एक आवर्तन भरून काढतो आणि तेवढ्यात तार बदलली जाते. गर्दीला याचा पत्ताही लागत नाही. आमच्यात कुरिअर पोहोचवणारे आहेत, बेस्टचे कर्मचारी आहेत, कॉलेजची मुले आहेत. सराव व्यायामशाळेच्या खोलीत रात्री होतो आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून अँप्लिफायर न जोडता होतो. बिनआवाजाच्या त्या सरावात कळांची खटखट तेवढी ऐकू येते, पण बोटे तिथेच तयार होतात.

तक्रार एकच आहे. एका मंडळाने आगमन सोहळ्यासाठी ठरवलेली रक्कम मिरवणूक संपल्यावर निम्मीच दिली आणि 'तुम्हाला प्रसिद्धी मिळाली ना' असे वर ऐकवले. तेव्हापासून आम्ही विसार घेतो आणि वेळ, रक्कम, थांबे हे सर्व कागदावर लिहून घेतो. नव्या पार्ट्यांनीही तसेच करावे.

ढोलवादक, न्यू जर्सी

आमच्याकडे ढोल भारतातून मागवलेले आहेत आणि सराव वाहनतळावर करावा लागतो, तोही आधी परवानगी काढून. थंडीत पान आखडते आणि आवाज बदलतो, म्हणून दोर पुन्हा ओढावे लागतात. येथे जन्मलेली मुले मराठी अडखळत बोलतात, पण ताशाची खूण त्यांना अचूक कळते.

मंडळाचा खजिनदार, नाशिक

आमचे मंडळ लहान आहे. विसर्जनाच्या दिवशी मोठ्या पथकांच्या मध्ये आमचा बँड ऐकूच जात नाही हे पाहून आम्ही त्याच बँडला उत्सवातील मधल्या एका संध्याकाळी मांडवासमोर बसवून वाजवायला बोलावले. खुर्च्या मांडल्या, ध्वनिवर्धक लावला नाही आणि रस्त्यावरची रहदारी तेवढा वेळ पोलिसांच्या परवानगीने वळवली. लोक येतील की नाही याची शंका होती, पण आसपासच्या इमारतींतील कुटुंबे खाली उतरली. बँडमास्तरांनी प्रत्येक वाद्य एकेकटे वाजवून दाखवले, तेव्हा युफोनियमचा आवाज वेगळा ऐकण्याची आमच्यापैकी अनेकांची ती पहिलीच वेळ होती. शेवटी त्यांनी भैरवी वाजवली आणि त्यानंतर मुलांनी वाद्ये हाताळायला रांग लावली.

खर्चाचे म्हणाल तर मिरवणुकीच्या सुपारीपेक्षा तो कमी आला, कारण वाहन आणि जनरेटर लागले नाहीत. वादकांसाठी चहा, जेवण आणि कपडे बदलण्यासाठी एक खोली एवढी सोय मात्र आधी करावी लागते. सोलापूर जिल्ह्यातील क्लॅरिनेटवादक दादांना विनंती आहे की त्यांच्या बँडला पुढील उत्सवात विसर्जनाखेरीज एखादी संध्याकाळ मोकळी असेल, तर आषाढ संपण्यापूर्वी कळवावे. पाऊस आला तरी चालेल असा पत्र्याचा आडोसा आमच्याकडे आहे आणि विसार आम्ही लगेच पाठवू.