बाळ जन्मल्यावर रडलं नाही, आता म्हणतात किडनीला मार बसलाय

काळजीतला मामा:
परवा बहिणीची डिलिव्हरी झाली, दिवस पूर्ण भरले होते पण ऐनवेळी बाळाचे ठोके कमी झाले, जन्मल्यावर रडलं नाही, अंबू बॅगने श्वास द्यावा लागला. आता एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात आहे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, काल १.१ होतं, आज १.५, डॉक्टर म्हणाले ऑक्सिजन कमी पडल्यामुळे किडनीवर परिणाम झालाय. मेंदूचं समजतं, पण किडनीचा काय संबंध? शू तर होतेय. सलाईनही कमी केलंय, आई म्हणते बाळाला उपाशी ठेवलंय. प्लीज कुणीतरी सांगा.

एनआयसीयू सिस्टर:
दादा, ऑक्सिजन कमी पडला की बाळाचं शरीर रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं, किडनी आणि आतड्याचं तोडून, आणि किडनीतल्या बारीक नळ्यांना ते सोसत नाही. शू होतेय म्हणजे किडनी ठीक असं नसतं. आम्ही डायपरचं वजन करतो, किलोमागे तासाला १ मिलीपेक्षा कमी झाली तर लगेच डॉक्टरांना सांगतो. सलाईन कमी केलंय ते बाळासाठीच, पाणी बाहेर पडत नसेल तर अंगात साठतं, सूज येते, सोडियम घसरून झटकेपण येऊ शकतात. साखर सलाईनमधून जातेच, उपाशी नाहीये ते. मध, गुटी काही देऊ नका. ताईंना दूध काढत राहायला सांगा, पान्हा टिकला पाहिजे.

बालरोग डॉक्टर:
पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन बरंचसं आईचंच असतं, नंतर ते उतरायला हवं. ४८ तासांत ०.३ किंवा जास्त चढलं तर किडनीला इजा धरतो, तुमच्याकडे ०.४ चढलंय. पण याचा अर्थ किडनी कायमची गेली असा नाही, बरीच बाळं सावरतात, डायलिसिस थोड्यांनाच लागतं आणि तेही बहुतेकदा पोटातून करतात. उद्या राउंडला रक्तातलं पोटॅशियम किती आहे विचारा, किडनी मंदावली की ते वाढू शकतं, आणि अमिकासिन किंवा जेंटामायसिन ही अँटिबायोटिक चालू असतील तर डोस किडनी बघून ठरवलाय का तेही विचारा, बिनधास्त विचारा. मेंदूचं मात्र वेगळं बघावं लागेल.

एका लेकीची आई:
आमचीपण अशीच होती, आता शाळेत जाते. क्रिएटिनिन नॉर्मल झालं तरी डॉक्टरांनी बीपी आणि लघवीची तपासणी सोडू नका सांगितलंय, तापाला आयब्युप्रोफेन त्यांना विचारल्याशिवाय देत नाही. डिस्चार्ज कार्डवर किडनीचं लिहून घ्या दादा, पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात की तेच लागतं.

काळजीतला मामा:
खूप आभार सगळ्यांचे. आईला वाचून दाखवलं, गुटीचं खूळ सोडलंय तिने. उद्या पोटॅशियम विचारून इथेच टाकतो.