पालखी मोटरहोम (४ कुटुंबं): टायरचं काय ते ठरवा

मंदार: आज लिव्हरमोरला स्टोरेजमध्ये जाऊन आलो. वरचे फोटो सगळ्यांनी बघा. पुढच्या डाव्या टायरला रिमच्या वर गोल भेगा पडल्यात, नख आत जातंय. मी मार्चमध्येच सांगितलं होतं, तेव्हा अंगठे दाखवून सगळे पसार. १८ जुलैला यलोस्टोनला निघायचंय. कुणाला काही वाटतंय का?

प्रसाद: अरे पण नक्षी तर कोरी करकरीत आहे! गोटा झालेला टायर असा दिसतो का? जेमतेम चाललीय गाडी.

शिरीषकाका: जेमतेम चाललीय म्हणूनच. टायर फिरला की आतली रसायनं पृष्ठभागावर येतात आणि रबराचं ओझोनपासून रक्षण करतात. उभ्या गाडीचा टायर उन्हात नुसता वाळतो. मंदार, टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉटच्या नंबरचे शेवटचे चार आकडे सांग, बनवल्याचा आठवडा आणि वर्ष कळेल.

मंदार: ३११७.

शिरीषकाका: २०१७ चा ३१ वा आठवडा. म्हणजे आठ वर्षं व्हायला आली.

सुजाता: एक मिनिट. आपण हे टायर २०१९ ला नवे म्हणून बसवले ना? मग २०१७ चे कसे?

वैशाली: ज्यांनी "मी बघतो, तुम्ही काळजी करू नका" म्हटलं होतं त्यांना विचारा. 🙏

प्रसाद: वहिनी, दुकानदाराने जुना माल खपवला त्यात माझा काय दोष? आणि टायर कॉस्टकोतून घ्या, जुलैत ऑफर असते.

नाना (पुणे): सुप्रभात. रिमोल्ड करून घ्या रे, जुन्या टायरवर नवी नक्षी चढवून. आमच्या कंपनीच्या बसचे आम्ही तीन-तीनदा करून घेत होतो, खंबाटकी घाटात काही झालं नाही.

शिरीषकाका: नाना, मागच्या चाकांना एक वेळ चालेल. पुढच्याला नाही.

नाना (पुणे): तुम्ही सगळे श्रीमंत.

मंदार: मुद्द्यावर या. एफएमसीए म्हणजे मोटरहोमवाल्यांची संघटना, तिच्या मेंबरना मिशेलिनचे टायर ट्रक कंपन्यांच्या भावात मिळतात. मेंबरशिप, मग क्रेडिट कार्ड नोंदवायचं, नंबर मिळतो, तो त्यांच्या यादीतल्या दुकानात दाखवायचा. आपला साईज २४५/७०आर१९.५. सहा लागतील.

वैशाली: मेंबरशिप डिसेंबरलाच संपली. रिन्यूअलचं मी ग्रुपवर दोनदा लिहिलं. उत्तर म्हणून कुणीतरी गुळपोळीचा फोटो टाकला.

सुजाता: तो मी टाकला होता. संक्रांत होती.

प्रसाद: कॉस्टकोची मेंबरशिप आपल्या सगळ्यांकडे आहे. मग दुसरी कशाला?

मंदार: प्रसाद, १९.५ चा टायर तिथे नसतो. हा ट्रकचा साईज आहे. तुझ्या सिएनाचा नाही.

प्रसाद: विचारलंस का?

मंदार: हो.

प्रसाद: कुठल्या कॉस्टकोत?

(हा मेसेज डिलीट केला आहे)

सुजाता: मंदार, वाचला मी. 😄

प्रसाद: सहाच्या सहा कशाला पण? भेगा पुढच्याला आहेत, पुढचे दोन घेऊ. मिशेलिनच म्हणतं १० वर्षं.

शिरीषकाका: अर्धंच वाचलंस. ५ वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि १० व्या वर्षी नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढा, असं म्हणतं. १० ही शेवटची हद्द. मधल्या काळात भेगा दिसल्या तर वाट बघा असं कुठेही नाही. मागच्या जोडीतला आतला टायर कुणी शेवटचा कधी पाहिला? तारीख तीच, ऊन तेच. पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातातून जातं, मागचा फुटला तर शेजारच्यावर सगळा भार येतो आणि तोही जातो. डॉनर पास उतरलो की विनेमक्का, एल्को, जुलैतलं नेवाडा. दोन गावांमध्ये तासभर काही नाही. मी त्या रस्त्यावर बायको-नातवंडांना घेऊन या टायरवर बसणार नाही. ज्याला जायचं त्याने खुशाल जावं.

सुजाता: काका, शांत व्हा, बीपीची गोळी घेतली का?

शिरीषकाका: घेतली.

वैशाली: बरं, पैशांचं बोला. टायरमागे अजून काय काय लागतं?

मंदार: टायरचे पैसे थेट नोंदवलेल्या कार्डावर पडतात. दुकानात फिटिंग, बॅलन्सिंग आणि जुने टायर टाकायचे द्यायचे. शिवाय कॅलिफोर्नियाची टायर फी, टायरला १.७५ डॉलर. आणि फेडरल एक्साइज.

प्रसाद: हे एक्साइज काय नवीन काढलं?

शिरीषकाका: ३५०० पौंडांच्या वर भार पेलणाऱ्या टायरला, वरच्या दर १० पौंडांमागे ९.४५ सेंट. आपला टायर ४५४० पौंडांचा. म्हणजे ९ डॉलर ८३ सेंट. सहाचे ५९ धरा.

प्रसाद: ओके. मग माझं कार्ड नोंदवा, मी लगेच करतो.

वैशाली: जनरेटरही तुमच्याच कार्डावर झाला होता. त्या पॉइंट्सवर तुम्ही हवाईला जाऊन आलात.

सुजाता: आणि आम्हाला साधी कोना कॉफीसुद्धा नाही.

प्रसाद: चांगलं काम करायला जावं तर हे ऐकायचं. माझा हिस्सा सांगा, पाठवतो. बाकी मला काही विचारू नका.

वैशाली: असं कसं, गाडी चौघांची आहे. पण कार्ड माझं. पॉइंट्स ट्रिपच्या किराण्यात जमा करेन, हिशोब ग्रुपवर टाकेन.

प्रसाद: 👍

नाना (पुणे): (फॉरवर्ड केलेला मेसेज) सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात मेथी...

मंदार: यादीतल्या दोन दुकानांना फोन केला. पहिल्याने योजनेचं नावही ऐकलेलं नाही, मॅनेजर सोमवारी येईल म्हणाला. दुसरा हो म्हणतोय, टायर मागवेल. त्याला मी एकच अट घातलीय, चढवायच्या आधी सहाही टायरची तारीख मला दाखवायची. यादीबाहेरच्या एका साध्या दुकानातूनही सगळं धरून आकडा मागवलाय. फरक फिटिंगमध्येच जिरत असेल तर उगाच मेंबरशिप कशाला?

शिरीषकाका: आणि येताना सामान भरून कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक थांब्यावरच्या काट्यावर, वजन कर. पुढचा-मागचा एक्सल वेगळा. हवा त्यावरून ठरेल, टायर गार असताना.

सुजाता: सामान भरून म्हणजे माझं इडलीपात्र पण?

मंदार: वहिनी, गेल्या वेळी मागचा एक्सल काठावर आला होता. दोन कुकर आणि २० पौंडांचा तांदूळ कुणाचा होता ते काढत नाही.

सुजाता: खाताना कुणी वजन काढलं नाही.

वैशाली: रिन्यूअल झालं, नंबर मंदारला पाठवलाय. दोन्ही आकडे आले की कमी असेल ते. शनिवारी सकाळी ९ ला गाडी न्यायला मंदारबरोबर कोण?

प्रसाद: शनिवारी मुलाची सॉकर मॅच.

सुजाता: माझी मराठी शाळा.

शिरीषकाका: मी येतो. मंदार, ७ ला निघू, हळू चालव.