पोप दहाव्या लिओच्या टॅपेस्ट्र्या सिस्टीनच्या छतापेक्षा पाचपट महाग कशा?

कृष्णाकाठ:
मायकेलँजेलोने 1508 ते 1512 अशी चार वर्षं खपून व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलचं छत रंगवलं, त्याचे सुमारे 3000 डुकाट (सोन्याची नाणी) मिळाले. पुढे पोप दहाव्या लिओने त्याच चॅपेलच्या भिंतींसाठी राफाएलच्या चित्रांवरून दहा टॅपेस्ट्र्या, म्हणजे भिंतीवर टांगायची चित्रं विणलेली कापडं, विणवून घेतल्या, खर्च 15-16 हजार डुकाट! राफाएलला मिळाले 1000. मग बाकीचे कुणी खाल्ले? आणि कलेसाठी केलं म्हणून असली उधळपट्टी माफ करायची का?

येवल्याचा_माग:
ताई, कुणी खाल्ले नाहीत, पैसा मागावर गेला. आमच्या घरात आजोबांपासून पैठणी विणतात, म्हणून हे ठामपणे सांगतो. काम झालं ब्रसेल्सला, पीटर व्हॅन आल्स्टच्या कारखान्यात. लोकर, रेशीम आणि सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची जर. विणायची रीत आपल्या पदराचीच: बाण्याचा, म्हणजे आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, रंगाची हद्द आली की धागा तिथूनच माघारी. पदरावरचा मोर उतरवायला किती वेळ लागतो ते विणणाऱ्याला विचारा. इथे तर हाडामांसाची वाटावीत अशी मोठमोठी माणसं, आणि गालावरच्या सावलीलाही वेगळी कांडी.

पण जर आली की धोकाही आला. भिंतीवर रंगवलेलं चित्र सावकाराकडे नेता येत नाही, जरीचं कापड नेता येतं. डिसेंबर 1521 मध्ये लिओ वारला तेव्हा कर्जापायी या टॅपेस्ट्र्या गहाण पडल्या. 1527 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं, त्यात त्याही गेल्या. पुढे परत मिळाल्या, पण बायबलमधला जादूगार एलिमास आंधळा होतो त्या प्रसंगाचा खालचा अर्धा भाग कायमचा गेला. जुन्या पैठण्या जर जाळून चांदी काढायला वजनावर जाताना मी पाहिल्या आहेत. त्या अर्ध्या तुकड्याबद्दल वाचलं की पोटात कालवतं.

टेम्सकाठी:
दादा, राफाएलची मूळ कार्टूनं, म्हणजे विणकरांसाठी रंगवलेले पूर्ण आकाराचे कागद, इथे लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. दहांपैकी सातच उरलीत. विणताना पट्ट्या कापल्या होत्या, त्या नंतर जोडल्या. विणकर मागच्या बाजूने विणायचे, म्हणून टॅपेस्ट्रीत चित्र उलटं येतं. मासे पकडण्याच्या प्रसंगात ख्रिस्ताचा झगा आज पांढरा दिसतो, पण पाण्यातलं प्रतिबिंब लालसर! झग्याचा रंग उडाला, प्रतिबिंबाचा टिकला. तिथून माझा पाय निघत नाही.

कृष्णाकाठ:
सुंदर! पण पैसा आणला कुठून?

बखरवाचक:
आधीचा पोप दुसरा ज्युलिअस तिजोरी भरलेली ठेवून गेला होता. ती रिती होण्यात टॅपेस्ट्र्यांपेक्षा मोठा वाटा युद्धांचा. लिओचा पुतण्या लोरेंझो याला इटलीतल्या उर्बिनोची गादी टिकवून द्यायला 1517 मध्ये जी लढाई झाली, तिने कंबरडंच मोडलं. त्याच वर्षी लिओने एका दिवसात 31 कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी) नेमले, त्यातल्या बऱ्याच जणांकडून पैसे घेऊन. दरबारातली पदं विकली जात होतीच. शिवाय रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी भाविकांना पापमुक्तीची पत्रं विकायची. जर्मनीत त्यातला अर्धा पैसा फुगर सावकारांचं कर्ज फेडायला जायचा, ते कर्ज आल्ब्रेख्त या जर्मन धर्माधिकाऱ्याने आर्चबिशपपद मिळवायला काढलेलं. या पत्रांविरुद्ध जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने ऑक्टोबर 1517 मध्ये मांडलेल्या 95 मुद्द्यांतला 86वा वाचा: एवढा श्रीमंत पोप हे चर्च स्वतःच्या पैशाने का बांधत नाही, गरीब भाविकांच्या का? मला हा प्रश्न रास्त वाटतो. मी लिओला माफ करत नाही.

येवल्याचा_माग:
बखरवाचक, लिओबद्दल तुमचं पटतं. पण टॅपेस्ट्र्यांना त्या पापात ओढू नका. मूळ संच व्हॅटिकनच्या पिनाकोटेका या चित्रसंग्रहालयात आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये आठवडाभर तो चॅपेलच्या भिंतींवर पुन्हा लावला होता. ताई, रोमला जाणं झालं तर तो बघाच, आणि चेहऱ्यांआधी काठ बघा.