विषय: आईबाबा येतायत, कुठला राजवाडा दाखवू?

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबा नाशिकहून सोलला येतायत आणि राजवाड्यासाठी एकच दिवस हाताशी आहे. सगळे ग्यॉंगबोकगुंगच सांगतात, पण बाबा आयुष्यभर बांधकामात होते, त्यांना गर्दीपेक्षा लाकूडकाम बघायला आवडेल. आईचे गुडघे दुखतात. सुचवा प्लीज.

---

अगं, बाबा बांधकामातले असतील तर चांगदोकगुंगच! १४०५ चा वाडा. १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी दोन्ही वाडे जळाले, पण हा १६१० पर्यंत परत उभा राहिला आणि ग्यॉंगबोकगुंग मात्र पावणेतीनशे वर्षं पडून होता, त्यामुळे त्या काळात राजांचा मुख्य वाडा हाच. आणि हे बाबांना नक्की सांग, १९१७ मध्ये इथला राणीचा महाल जळाला तेव्हा ग्यॉंगबोकगुंगमधला राणीचा महाल सोडवून त्याचं लाकूड इथे आणून वापरलं, म्हणजे तिकडे आज दिसतो तो १९९५ ला नव्याने बांधलेला. इथल्या राणीच्या महालाच्या छपराकडे बघा, माथ्यावरचा जाड पांढरा पट्टा, ज्याला कोरियनमध्ये ‘ड्रॅगनचा माथा’ म्हणतात, तो तिथे नाहीच. राजा म्हणजेच ड्रॅगन, त्याच्या डोक्यावर दुसरा ड्रॅगन नको, असं कारण सांगतात.

पण माझा जीव अडकलाय तो याच वाड्यातल्या नाकसोनजे नावाच्या घरात. १८४७ चं, राजा हॉनजोंगने बांधलेलं. बाकी वाड्यात सगळीकडे हिरवा-लाल रंग, इथे लाकडाला रंगच नाही, नुसतं लाकूड, कागद लावलेली दारं आणि खिडक्यांच्या जाळ्यांचे किती नमुने! बाहेरून सावकाश वळसा घाला, जोत्यात चुलीचं तोंड दिसेल. तिथे जाळ केला की धूर फरशीखालून फिरत खोली तापवतो आणि मागे निघतो, म्हणून धुरांडी छपरावर नाहीत, मागच्या फुलांच्या टप्प्यांवर वेगळी उभी आहेत. आपल्या फ्लॅटमधल्या ओन्दोलमध्ये, म्हणजे फरशी तापवायच्या सोयीत, आता गरम पाण्याचे पाइप असतात, पण मूळ हे. लहानपणी जपानला नेलेली राजकन्या दोकहे १९६२ ला परत आली आणि १९८९ मध्ये गेली ती याच आवारात, मला तिथे गेलं की दर वेळी भरून येतं.

मागच्या बागेचं तिकीट वेगळं, गाइडबरोबरच सोडतात आणि चढउतार बराच आहे, तेव्हा आईंना विचारूनच बुक कर. सोमवारी बंद.

---

मावशी, नाकसोनजेबद्दल शंभर टक्के पटलं, पण ग्यॉंगबोकगुंग अगदीच सोडू नका हो. महाल नवा असला तरी त्याच्या मागच्या आमीसान नावाच्या टप्प्याटप्प्यांच्या बागेतली विटांची षटकोनी धुरांडी जुनीच आहेत, त्यांच्यावरची फुलं-पक्षी-प्राणी जवळून बघण्यासारखे आहेत. शिवाय तळ्यातला ४८ दगडी खांबांवरचा ग्यॉंगह्वेरू मंडप, तो तर बाबांना दाखवायलाच हवा. आणि मुख्य म्हणजे जमीन सपाट, आईंना बरं पडेल, फक्त दरबारापुढच्या चौकातली दगडी फरशी ओबडधोबड आहे तिथे हात धरा. हा मंगळवारी बंद असतो. दोन्ही वाडे जवळजवळच आहेत, सकाळी चांगदोकगुंग करून जेवण झाल्यावर टॅक्सीने इकडे या, एका दिवसात आरामात होईल.