सगळंच ऑटिझमच्या खात्यावर नको
'ऑटिझम आहे म्हटल्यावर चिडचिड असणारच, त्यावर आणखी एका निदानाचं लेबल कशाला?' हे मत मला पटत नाही. आम्हीही दोन वर्षं असंच म्हणत होतो. मुलगा दहा वर्षांचा, मोजकंच बोलणारा. शाळेची रिक्षा दारात आली की पोटात दुखायचं, रात्री बारा-एकपर्यंत टक्क जागा, शर्टाची कॉलर चावून चावून विरलेली. (पोटासाठी ओवा, हिंग, जंताचं औषध, सगळं झालं.) शेवटी बालमनोविकारतज्ज्ञांनी एकच विचारलं, 'सुट्टीत कसा असतो?' आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मे महिन्यात पोट एकदाही दुखलं नव्हतं! ती चिंता होती; 'भीती वाटते' हे सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते, एवढंच. मग चेहऱ्यांच्या चित्रांचा तक्ता आला, आज भीती किती ते तो बोट ठेवून दाखवायला लागला, आणि कळलं की खरी अडचण मधल्या सुट्टीतल्या गोंगाटाची होती.

ऑटिझमच्या जोडीला एडीएचडीही (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असू शकतो का, असं कोणी विचारलंय म्हणून: अमेरिकेच्या डीएसएम या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. त्याआधीच्या नियमांनुसार ऑटिझम असलेल्या मुलाला एडीएचडीचं निदान जोडीला देताच येत नसे. त्यामुळे तुमच्या मुलाची फाइल त्याआधीची असेल, तर त्यात एडीएचडीचा उल्लेख नाही म्हणजे तो नाहीच, असं धरू नका. पुन्हा तपासून घ्या.